डेंग्यूवर औषधच नाही? मग आठ दिवस हॉस्पिटलात नेमकं काय केलं?

सदाफुली
आई (वय ६१) गेल्या आठवड्यात डेंग्यूने अॅडमिट होती, पुण्यातच. आता बरी आहे, कालच घरी आणली. पण डोक्यातून एक गोष्ट जात नाहीये म्हणून हा धागा.

आठ दिवसांत तिला दिलं काय, तर सलाइन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं इंजेक्शन. बस्. दर सहा तासांनी रक्त काढायचे, लघवी मापायचे आणि डॉक्टर येऊन पोट दाबून जायचे. चौथ्या दिवशी ताप उतरला, आम्ही खूश, आणि त्याच संध्याकाळी तिला आयसीयूत हलवलं! माझा मामा तिथेच ओरडला की ताप उतरल्यावर कुणी आयसीयूत नेतं का, पैसे काढायचे धंदे. प्लेटलेट ३४ हजार होत्या तर त्या पण चढवल्या नाहीत. मामाने चार डोनर आणून उभे केले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

कोविडला सहा महिन्यांत शंभर औषधं निघाली. डेंग्यू तर आमच्या लहानपणापासून ऐकतोय. मग यावर खरंच औषध नाही का? की आहे आणि आपल्याला मिळत नाही?

बोरूबहाद्दर
औषध आहे ना. व्हॉट्सअॅपवर रोज येतं. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध. गेल्या सीझनला आमच्या कोपऱ्यावरचा फळवाला एक किवी पन्नासला विकत होता, वर विचारायचा, "डेंग्यूसाठी पाहिजे की असंच?"

गावरान
हसू नका. माझ्या मेहुण्याच्या प्लेटलेट १८ हजारांवर आल्या होत्या, पपईच्या पानांचा रस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे दिला, तिसऱ्या दिवशी ९० हजार. डोळ्यांनी बघितलंय. आता तर त्याच्या गोळ्या पण मिळतात मेडिकलमध्ये, डॉक्टरच लिहून देतात. मग ते सगळे वेडे का?

पिंट्याची_आई
पिंट्याला दिला होता तो रस. प्यायला आणि भडाभडा ओकला. मग डॉक्टर विचारतायत उलट्या किती झाल्या, आणि आम्हालाच कळेना की डेंग्यूच्या किती आणि पपईच्या किती.

रात्रपाळी
मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. ऑगस्ट ते नोव्हेंबर आमचा अर्धा वॉर्ड हाच असतो. सदाफुली, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तुमच्या मामांचा रागही आम्ही रोज ऐकतो. सरळ सांगते.

डेंग्यूच्या विषाणूला मारणारं मान्यताप्राप्त औषध आज जगात कुठेच नाही. लपवलेलं वगैरे काही नाही. पण म्हणून उपचार नाही असं नाही. तुमच्या आईची जी सलाइन होती ना, तेच औषध होतं, आणि ते मोजून द्यावं लागतं.

होतं काय, पहिले तीन-चार दिवस फणफणून ताप असतो तेव्हा रक्तात विषाणू भरपूर असतो. मग तो कमी व्हायला लागतो, ताप उतरतो, घरचे म्हणतात चला सुटलो. आणि काही जणांत नेमक्या त्याच वेळी बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपून पोटात, छातीत साठतं. आत उरलेलं रक्त दाट होतं, बीपी पडतं. हा खेळ २४ ते ४८ तासांचा. आईचं दर सहा तासांनी रक्त काढायचे ते प्लेटलेटसाठी कमी आणि पीसीव्हीसाठी जास्त, म्हणजे रक्त किती दाट झालंय ते बघायला. पोट दाबून बघायचे कारण पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी ही धोक्याची चिन्हं. ताप उतरल्यावर आयसीयूत नेलं ना, त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

आणि नुसती "सलाइन लावा" म्हणून पण चालत नाही. ४८ तासांनी तेच झिरपलेलं पाणी आपणहून परत रक्तात यायला लागतं. तेव्हा बाटली चालूच ठेवली तर छातीत पाणी भरून पेशंटला धाप लागते. कधी लावायची यापेक्षा कधी काढायची हे अवघड आहे. नातेवाईक म्हणतात अशक्त आहे, अजून एक बाटली लावा. नाही लावत म्हटलं की आम्ही वाईट.

सदाफुली
@रात्रपाळी, अगदी हेच! सातव्या दिवशी सलाइन काढली तर मामा म्हणाला आता तेही बंद केलं 😀 पण प्लेटलेटचं काय? ३४ हजार म्हणजे कमीच ना?

रात्रपाळी
कमीच, पण रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत चढवत नाहीत. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ मोठ्या माणसांवर याचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये आला. सगळ्यांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी. अर्ध्यांना चढवल्या, अर्ध्यांना नाही. चढवलेल्यांत २१ टक्क्यांना रक्तस्राव झाला, न चढवलेल्यांत २६ टक्क्यांना, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. उलट पुरळ, अॅलर्जी असले त्रास चढवलेल्यांत जास्त. बाहेरच्या प्लेटलेट फार टिकत नाहीत, चढवल्या की दुसऱ्या दिवशी आकडा परत तिथेच.

@गावरान, तुमचे मेहुणे आकडा १८ वर होता तेव्हा आजाराच्या साधारण कितव्या दिवशी होते? सहावा-सातवा असेल. तिथून आकडा काही न देता पण असाच वर जातो. रसाने प्लेटलेट थोड्या लवकर वाढतात असं काही छोट्या अभ्यासांत आलंय, मी नाही म्हणत नाही. पण माणूस दगावतो तो बहुतेक वेळा पाझरण्याने, आणि ते रसाने थांबतं असं कुणी दाखवलेलं नाही.

गावरान
सातवा होता. पण मी रस सोडणार नाही.

बोरूबहाद्दर
सोडू नका, फक्त मेहुण्याला सोडा.

फॉर्म्युला४४
औषध कंपनीत काम करतो (डेंग्यूवर नाही, त्यामुळे माझा स्वार्थ काही नाही). "कोविडला निघाली, याला का नाही" यावर थोडं लिहितो, लांब होईल.

प्रयत्न झाले नाहीत असं नाहीये, प्रयत्नांची रांग आहे आणि सगळे पडलेत. क्लोरोक्विन देऊन बघितलं, व्हिएतनाममध्ये, उपयोग नाही. तिथेच प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड, नाही. कोलेस्टेरॉलवरचं लोव्हास्टॅटिन, नाही. रोश कंपनीचं बालापिराव्हिर, मूळ हिपॅटायटिस सी साठी बनवलेलं, ते डेंग्यूला वापरून बघितलं, २०१३ मध्ये निकाल आला, नाही. सिंगापूरला सेल्गोसिव्हिर, ५० पेशंट, तेही नाही.

आता गंमत बघा, हिपॅटायटिस सी आणि डेंग्यू हे विषाणू एकाच कुटुंबातले, चुलतभाऊ म्हणा. सी वर आज बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी माणूस पूर्ण बरा होतो. मग भावाला का लागू पडत नाही? कारण सी वर्षानुवर्षं शरीरात मुक्काम ठोकून असतो, गोळी द्यायला वेळच वेळ. डेंग्यूचा सगळा कारभार आठवड्यात आटोपतो. रात्रपाळी यांनी वर लिहिलंय तेच, पेशंट हॉस्पिटलात पोचतो चौथ्या-पाचव्या दिवशी, तेव्हा विषाणू निघायच्या तयारीत असतो आणि त्याने लावलेली आग पेटलेली असते. तेव्हा विषाणू मारायचं औषध म्हणजे बैल गेला नि झोपा केला. औषध द्यायचं तर पहिल्या दिवशी द्यायला हवं, आणि पहिल्या दिवशी आपण सगळे म्हणतो पावसात भिजलो, व्हायरल असेल.

वऱ्हाडी_ठेचा
हे सगळं खरं आहे, पण भाऊ, गरिबाचा आजार आहे म्हणून कंपन्या मनावर घेत नाहीत हे पण लिहा ना. अमेरिकेत घरोघरी डेंग्यू असता तर दोन वर्षांत गोळी आली असती का नसती?

फॉर्म्युला४४
@वऱ्हाडी_ठेचा अर्धं पटतं. ज्यावर सगळ्यांची आशा होती ती गोळी, मोस्नोडेनव्हिर. बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठात सुरुवात झाली, मग जॉन्सन अँड जॉन्सनने पुढे नेली. विषाणूची दोन प्रथिनं एकमेकांना धरून त्याच्या नकला काढतात, ती पकड ही गोळी सोडवते, आणि डेंग्यूच्या चारही प्रकारांवर चालते. अमेरिकेत धडधाकट स्वयंसेवकांना मुद्दाम सौम्य केलेला डेंग्यू टोचला आणि गोळी दिली. जास्त डोसच्या १० पैकी ६ जणांच्या रक्तात विषाणू सापडलाच नाही. गोळी न घेतलेल्या सगळ्यांत सापडला. आमच्या ऑफिसात त्या दिवशी नुसती तीच चर्चा.

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने पुढचा अभ्यास थांबवला. सुरक्षिततेची अडचण नव्हती, धोरण बदललं म्हणाले. तर तुमचं म्हणणं इथे लागू पडतं.

पण नीट बघा, त्या लोकांनी गोळी विषाणू टोचायच्या पाच दिवस आधीपासून सुरू केली होती, नंतर तीन आठवडे. म्हणजे तो प्रतिबंध झाला, उपचार नाही. साथीत घरात एकाला झाला तर बाकीच्यांनी घ्यायची अशी काहीतरी. सदाफुलीच्या आईला पाचव्या दिवशी देऊन काय झालं असतं हे त्यातून कळत नाही.

आणि आपल्या पुण्यात पण काम चालू आहे. सीरमने अमेरिकेतल्या व्हिस्टेरा कंपनीकडून एक अँटिबॉडी घेतलीय, एकदाच द्यायचं इंजेक्शन, चारही प्रकारांवर. ऑस्ट्रेलियात निरोगी लोकांना देऊन झालं, सुरक्षित दिसलं. पेशंटमध्ये काय होतं ते महत्त्वाचं. अँटिबॉडीत डेंग्यूची एक मोठी खोड आहे, एका प्रकाराची जुनी अर्धवट अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला पेशीत शिरायला उलट मदत करते, म्हणून तर दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू बऱ्याचदा जड जातो. त्यामुळे हे बनवताना फार जपून बनवावं लागतं.

पिंट्याची_आई
बाई गं, म्हणजे पिंट्याला परत झाला तर जास्त धोका? रात्री झोप उडवलीत.

रात्रपाळी
धोका वाढतो, पण दुसऱ्यांदा झालेल्यांतलेही बहुतेक साधे बरे होतात. फक्त ताप आला की आधी सांगा की मागे झाला होता. आणि ब्रुफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक घरच्या घरी देऊ नका. अंग फार दुखतंय म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोचं इंजेक्शन घेऊन आलेला एक तरी पेशंट दर आठवड्याला असतो.

दोडामार्गकर
तुमचा डेंग्यू बरा म्हणायची पाळी. आमच्याकडे माकडताप. २०१६ ला आमच्या तालुक्यात आला, मग बांद्याकडे सरकला. त्या आधी कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली सापडलेला, घाट ओलांडून आमच्या काजूत आला. जंगलात माकडं मरून पडायला लागली की समजायचं. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि जो पाला गोळा करायला, काजू वेचायला जाईल त्याला चावतात. काजूचा सीझन आणि तापाचा सीझन एकच, जानेवारी ते मे. घरात बसून चालणार कसं?

माझ्या काकाला झाला. आठ दिवस ताप, डोळे लालबुंद, डोकं असं दुखायचं की भिंतीला टेकवून बसायचा. आम्ही बांबोळीला नेला, गोव्यात. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, यावर गोळी नाही, आम्ही याला सांभाळणार, लढायचं त्यालाच. ऐकून काकी रडायलाच लागली. काका तशातही म्हणाला, "रडतंस कित्याक, काजू वेचूक जा, ऊन वाढता." वाचला तो. शेजारच्या वाडीतला एक जण नाही वाचला.

लस होती, तीन डोस घ्यायला लागायचे, कर्नाटकातून यायची. काकाने एकच घेतलेला, पुढचे राहिले. नंतर ती लसच बंद झाली, पुरेशी चालत नाही म्हणून. अंगाला लावायचं तेल मिळतं आरोग्य केंद्रात, ते लावून जायचं आणि आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे उकळायचे. हाच आमचा उपचार.

किटकिट
माफ करा, पण गोचीड कीटक नाही. आठ पाय असतात, कोळ्याच्या जातीतली. धाग्यात डासाचं चाललंय म्हणून सांगितलं.

दोडामार्गकर
मेल्या, चावताना पाय मोजीत बसू काय?

किटकिट
😂 मान्य. पण गोचिडीवरूनच आठवलं, विषाणूवरचं औषध खरोखर देतात असा एक आजार गोचिडीनेच होतो. क्रिमियन काँगो ताप. २०११ मध्ये गुजरातेत आला होता, पेशंटवर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स पण गेले होते त्यात. त्याला रायबाव्हिरिन देतात. पण ते सुद्धा लवकर दिलं तरच, आणि खरंच किती उपयोग होतो यावर डॉक्टरांतच दोन तट आहेत. म्हणजे जिथे औषध आहे तिथेही घोडं वेळेवरच अडतंय.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या नागपूरकडच्या चांदीपुऱ्याचं नाव जगभर झालं ते असल्याच विषाणूने. १९६५ साली ताप आलेल्या दोन माणसांच्या रक्तात सापडला, पुण्याच्या विषाणू संस्थेने शोधला. सँडफ्लाय म्हणजे ती बारीकशी माशी चावून होतो. लहान पोरांना. सकाळी ताप, दुपारी झटके, रात्री कोमा. २००३ मध्ये आंध्रात ३२९ पोरं आजारी पडली, १८३ गेली. २०२४ ला गुजरातेत परत. तिथे तर तुमचा तो आठवड्याचा हिशेब पण नाही, एका दिवसाचा कारभार. मेंदूची सूज उतरवायची, झटके थांबवायचे, श्वास चालू ठेवायचा. गावातून तालुक्याला न्यायला दोन तास लागतात आमच्याकडे, बोला.

गावाचं नाव आजाराला देऊ नये बाप्पा. तिथल्या पोरीबाळींना स्थळं येताना लोक विचारतात म्हणे, "तेच का चांदीपुरा?"

पिंट्याची_आई
वाचवत नाही हो. कोणीतरी काही चांगलं लिहा.

कंपाला_एक्स्प्रेस
चांगलं म्हणजे पिवळं कार्ड, लस घेतल्याचा दाखला 🙂 मी नऊ वर्षं युगांडात आहे. इथे यलो फीव्हर, तोही डासाचाच, तोही डेंग्यूच्याच कुटुंबातला आणि त्यावरही औषध नाही. पण लस अशी आहे की एकदा टोचली की जन्माचं काम झालं. १९३७ ची लस आहे! ज्याने केली त्या मॅक्स थायलरला १९५१ ला नोबेल मिळालं. मुंबईत टोचून घेतली तेव्हा तिथला म्हातारा कंपाउंडर म्हणाला होता, "पासपोर्ट हरवला तरी चालेल, हे कार्ड हरवू नका."

आणि खरंच. आमचा एक सहकारी कार्ड विसरून सुट्टीला भारतात गेला, विमानतळावरून थेट सहा दिवस क्वारंटाइन. बायको बाहेर पुरणपोळीचा डबा घेऊन उभी. आपल्याकडे तो आजार नाही पण डास तोच आहे, म्हणून इतकं कडक.

बोरूबहाद्दर
पुरणपोळ्यांचं काय झालं?

कंपाला_एक्स्प्रेस
सिक्युरिटीवाल्यांनी खाल्ल्या असं तो आजही सांगतो.

गावरान
मला २००६ ला चिकनगुनिया झाला होता. तेव्हा मलेरियाच्या गोळ्या दिल्या होत्या, क्लोरोक्विन. वर कुणीतरी लिहिलंय डेंग्यूला चालत नाही. चिकनगुनियाला चालते ना? कारण माझे गुडघे वर्षभर धरलेले होते तरी.

फॉर्म्युला४४
त्याच वर्षी रियुनियन बेटावर साथ होती, तिथे बघितलं गेलं. तापात काही फरक नाही, आणि काही महिन्यांनी सांधे दुखतात म्हणणारे गोळी घेतलेल्यांतच जास्त निघाले. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, तुमच्या डॉक्टरांचा दोष नाही.

गावरान
वर्षभर बायकोच्या हाताला धरून जिना चढलो हो. आणि पपईला नावं ठेवता.

व्यवस्थापक
पपई पुरे. मूळ विषयावर या.

मेडिक्लेमग्रस्त
मूळ विषयावरच आहे. सदाफुली, क्लेम टाकलात का? माझ्या भावाचा नाकारला. कारण लिहिलं, "फक्त निरीक्षणासाठी दाखल, सक्रिय उपचार दिलेले नाहीत." म्हणजे तुमच्या मामाचंच म्हणणं, फक्त लेटरहेडवर. दोन महिने भांडलो. शेवटी डॉक्टरांकडून पत्र घेतलं, त्यात तासागणिक पीसीव्ही, बीपी, सलाइनचा वेग किती वाढवला किती उतरवला सगळं. मग पास झाला. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी.

रात्रपाळी
हे पत्र मी महिन्यातून चार वेळा लिहिते. आता त्यात व्हिएतनामचं पण टाकते. तिथे डेंग्यूने शॉकमध्ये गेलेल्या ५१२ मुलांवर कुठली सलाइन चांगली याचा अभ्यास झाला, २००५ मध्ये छापून आला. मध्यम शॉकमधल्या मुलांना साधं रिंगर लॅक्टेट पुरेसं ठरलं, तेच जे तुमच्या गावच्या दवाखान्यात पण असतं. आणि ५१२ पैकी मूल दगावलं एक. एकच. त्यातली काही मुलं तर तीव्र शॉकमध्ये आलेली होती. विषाणूवर एक थेंब औषध नाही, नर्स उशाशी बसून ठिबक मोजतायत. याला सक्रिय उपचार म्हणायचं नाही तर कशाला?

सदाफुली
सगळे प्रतिसाद मामाला वाचून दाखवले. म्हणाला, "मग हे तेव्हाच सांगायचं ना त्यांनी." ते मात्र खरंय, आम्हाला कुणी पाच मिनिटं बसवून हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चार डोनर आणि तेवढा आरडाओरडा वाचला असता.

@मेडिक्लेमग्रस्त, क्लेम टाकलाय, पत्र आधीच मागून घेतलं, थँक्यू.

आई बरी आहे, थकवा खूप आहे, तोंड कडू. डिस्चार्जच्या वेळी सांगितलंय पाणी किती प्यायली, लघवी किती झाली लिहून ठेवा. तर ती स्वतःच लिहिते, जुन्या दूधवाल्याच्या वहीत. आजची नोंद जशीच्या तशी: "११.४०, लिंबू सरबत १ ग्लास. अर्धा प्यायला. उरलेला मोगऱ्याच्या कुंडीत ओतला. हिला सांगू नये."

किटकिट
त्या मोगऱ्याच्या कुंडीखाली ताटली आहे का?

सदाफुली
आहे. थांबा, बघून येते.

सदाफुली
वळवळतायत.